काचेची पेटी आणि कढीपत्त्याची काडी

सप्टेंबर संपत आला की आमच्या घरी एक छोटंसं स्थलांतर सुरू होतं. मे महिन्यापासून मागच्या डेकवर मजेत राहिलेल्या कुंड्या एकेक करून आत येतात. तुळस, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद आणि बायकोने हौसेने लावलेलं लिंबू. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइट, म्हणजे आपलं १० सेल्सिअस, याच्या खाली जायला लागलं की ही मंडळी घरात हवीत, हा आता आमच्याकडचा नियमच झाला आहे.

हा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. न्यू जर्सीत घर घेतलं त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. आम्हा कन्सल्टंट लोकांचं आयुष्य म्हणजे सोमवारी पहाटे विमान आणि गुरुवारी रात्री परत. ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी डेकवरची तुळस हिरवीगार सोडून गेलो. गुरुवारी रात्री घरी आलो तर पानं काळी पडून लोंबत होती, कुणी उकळतं पाणी ओतावं तशी. मधल्या एका रात्री फ्रॉस्ट पडला होता. तुळशीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं आणि नवरी गेलेली! त्या वर्षी आम्ही मंडळातल्या एका मैत्रिणीकडून रोप उसनं आणून लग्न लावलं.

तर सांगायची गोष्ट पुढची. यंदा आई दिवाळीला नाशिकहून इकडे यायची होती. ऑगस्टमध्ये फोनवर म्हणाली, "तुझ्या कढीपत्त्याला काही दम नाही. मागच्या दारच्या झाडाला भरपूर पिलं फुटलीत. एखादं ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. कुणाला कळतंय?"

मी म्हटलं, "आई, नको. चालत नाही ते."

"अरे, एका काडीने काय होतंय? एवढं इंजिनिअर झालास आणि एक काडी आणू देत नाहीस?"

या प्रश्नाचं धड उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. "कायदा आहे" एवढंच म्हणालो. पण कायदा का आहे, कुणी केला, कधी केला, याचा शोध घ्यायला बसलो आणि पोचलो थेट दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या एका डॉक्टरच्या खिडकीत. ती सगळी गोष्ट मला फार आवडली, म्हणून तुमच्यासाठी लिहून काढतो आहे.

आज आपण गार्डन सेंटरमध्ये जातो आणि पंधरा-वीस डॉलरला कुठल्यातरी दूरदेशीचं झाड उचलून आणतो. दोनशे वर्षांपूर्वी झाड समुद्रापार नेणं हे माणूस नेण्याहून अवघड होतं. बियांचं एक वेळ ठीक, पण जिवंत रोपं जहाजाच्या डेकवर ठेवायची तर खारं पाणी उडायचं, तळघरात ठेवायची तर ऊन नाही, आणि गोडं पाणी इतकं मोजकं की खलाशांनाच पुरायचं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मकावमधला सर्जन जॉन लिव्हिंगस्टन याने १८१९ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला लिहिलेला हिशोब प्रसिद्ध आहे : चीनहून निघालेल्या रोपांपैकी इंग्लंडला एक जिवंत पोचतं, त्यामागे हजार मरतात.

लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये नाथानिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत असत (१७९१–१८६८). झाडांचं भारी वेड. तेरा वर्षांचे असताना जमैकाला जाऊन आले आणि तिथली हिरवाई डोक्यात बसली ती कायमची. पण लंडनमध्ये दगडी कोळशाचा धूर असा की अंगणात हौसेने लावलेले नेचे, म्हणजे फर्न, एकामागून एक मरून जायचे. शेवटी त्यांनी नाद सोडला.

१८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा एक कोश काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत, ओलसर मातीत ठेवला आणि वर झाकण लावलं. पतंग बाहेर कसा येतो ते बघायचं होतं. रोज बघताना लक्षात आलं की दिवसा उन्हात मातीतली ओल वर जाते, काचेवर थेंब धरतात आणि ते पुन्हा खाली मातीत उतरतात. पतंग बाहेर यायची वेळ जवळ आली, तोवर मातीतून दुसरंच काहीतरी डोकावलं. एक नेचा आणि एक गवताचं पातं! ज्या नेच्यासाठी डॉक्टरांनी इतकी वर्षं जिवाचं रान केलं, तो न बोलावता बाटलीत उगवला होता.

त्यांनी ती बाटली अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ठेवून दिली. जवळपास चार वर्षं वरून पाण्याचा थेंब न घालता ती दोन्ही रोपं जगली. शेवटी झाकण गंजलं, आत पावसाचं पाणी शिरलं आणि मुळं कुजून ती गेली. जाता जाता सांगतो, ते गवत म्हणजे 'पोआ ॲन्युआ'. आपल्या लॉनमध्ये दर फॉलला जे नको असलेलं फिकट हिरवं गवत डोकं वर काढतं, तेच हे.

बाटलीतलं गणित तसं सोपं आहे. मुळं पाणी ओढतात, पानं ते वाफेच्या रूपाने सोडतात, वाफ काचेला लागून पुन्हा पाणी होते आणि मातीत परत येते. धूर आत येत नाही, ओल बाहेर जात नाही. उजेड मात्र हवा, कारण त्याच्या जोरावरच झाड आपलं अन्न तयार करतं. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लोज्ड लूप.

डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं की हीच गोष्ट जहाजावरही चालेल. हॅकनीला लॉडिजेस नावाची मोठी नर्सरी होती. तिचे जॉर्ज लॉडिजेस यांच्या मदतीने त्यांनी लाकडी चौकटीच्या, वरून काचेचं छप्पर असलेल्या दोन पेट्या तयार केल्या, त्यात नेचे आणि गवतं लावली आणि १८३३ मध्ये कॅप्टन चार्ल्स मॅलर्ड यांच्या जहाजावरून सिडनीला रवाना केल्या. पेट्या पोचल्या तेव्हा आतली बहुतेक झाडं हिरवीगार होती.

पण खरं टेस्टिंग परतीच्या प्रवासात झालं. फेब्रुवारी १८३४ मध्ये, सिडनीच्या उन्हाळ्यात, त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली रोपं भरली. केप हॉर्नला वळसा घालताना पारा २० फॅरनहाइटवर आला आणि डेकवर बर्फाचा थर साचला. पुढे विषुववृत्तावरचं भाजणारं ऊन, आणि शेवटी इंग्लंडचा नोव्हेंबर. एवढं सगळं सोसून रोपं लंडनला टवटवीत उतरली. पूर्वी आमची २० पैकी १९ झाडं मरायची, आता २० पैकी १९ जगतात, असा लॉडिजेस यांचा अनुभव झाला. १८४२ मध्ये वॉर्ड यांनी यावर छोटं पुस्तक लिहिलं आणि या पेटीला त्यांचंच नाव पडलं : वॉर्डियन केस. लंडनच्या दिवाणखान्यांत नेच्यांच्या काचपेट्या ठेवायची फॅशन आली. आपण खिडकीत ठेवतो त्या टेरॅरियमची ही खापरपणजी.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढे ती आपल्या देशाकडे वळते आणि जरा गुंतागुंतीची होते.

ईस्ट इंडिया कंपनीला चीनच्या चहाची मक्तेदारी मोडायची होती. १८४८ मध्ये कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याला चीनला पाठवलं. परदेशी माणसाला आतल्या मुलखात जायची बंदी, म्हणून हे महाशय चिनी वेष करून, डोकं भादरून, खोटी शेंडी लावून फिरले. पहिली खेप वाटेत बरीचशी मेली. मग त्यांनी युक्ती केली. पेटीतल्या मातीत चहाचं बी पेरूनच जहाजावर चढवलं, आणि ते प्रवासात उगवलं. १८५१ पर्यंत बारा हजारांहून जास्त रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या बागांत पोचली. आसामात चहाचं देशी झाड आधीपासून होतंच, पण दार्जिलिंगच्या चहाच्या नाजूक चवीत या चिनी वाणाचा मोठा वाटा आहे.

नंतर सिंकोना. मलेरियावरचं क्विनीन याच्या सालीतून निघतं. १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या मोहिमेने दक्षिण अमेरिकेतून रोपं आणि बिया आणल्या आणि निलगिरीत, उटीजवळ, लागवड झाली. मार्कहॅम यांनी स्वतः आणलेली रोपं जवळजवळ सगळी मेली, पण त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठवलेली रोपं आणि बियाणं तगलं. पुढे १८९२ पासून बंगालात पोस्टातून क्विनीनच्या स्वस्त पुड्या मिळू लागल्या. मग रबर. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू गार्डनला नेल्या आणि त्याच वर्षी तिथली १,९१९ रोपं ३८ वॉर्डियन पेट्यांतून सिलोनला गेली.

म्हणजे त्या पेटीने जीव वाचवले, आणि त्याच पेटीने साम्राज्याच्या तिजोऱ्याही भरल्या. ज्यांच्या रानातून रोपं नेली त्यांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या परसातली काडी न विचारता उचलायची तर "एका काडीने काय होतंय?" हा युक्तिवाद तेव्हाही सोयीचाच होता.

आता पेटीतल्या तिसऱ्या प्रवाशाकडे येतो. पहिलं रोप, दुसरी माती आणि तिसरं मातीत लपलेलं काहीही. विचार करा, वॉर्ड यांच्या बाटलीत नेचा कुणी लावला होता? कुणीच नाही. मातीतून तो आपोआप आला. मातीत काय काय झोपलेलं असतं हे पहिल्याच प्रयोगाने दाखवून दिलं होतं, पण तो इशारा कुणाच्या ध्यानात आला नाही. पेटीत रोप सुखरूप राहतं तशी कीडही सुखरूप राहते, बुरशीही.

अमेरिकेने याची किंमत फार मोठी मोजली. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधली चेस्टनटची झाडं वाळताना दिसली. आशियातून आलेल्या झाडांबरोबर एक बुरशी आली होती. पुढच्या पन्नासेक वर्षांत या देशातली सुमारे ४०० कोटी चेस्टनटची झाडं गेली. आज ॲपलाचियन डोंगरांत फॉल कलर्स बघायला आपण गाड्या काढून जातो, तिथे एके काळी या झाडांची दाट गर्दी होती.

मग एक गोष्ट अशी घडली की सगळ्यांचे डोळे उघडले. टोकियो शहराने वॉशिंग्टनला चेरीची २,००० झाडं भेट दिली. जानेवारी १९१० मध्ये ती आली. कृषी खात्याच्या लोकांनी तपासली तर किडींनी आणि सूत्रकृमींनी भरलेली. दोन देशांच्या मैत्रीची भेट! परत कशी करायची आणि ठेवायची तरी कशी? अखेर राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या संमतीने २८ जानेवारीला ती सगळी झाडं जाळून टाकली. जपानने मनाचा मोठेपणा दाखवला. काळजीपूर्वक वाढवलेली ३,०२० निरोगी झाडं पाठवली आणि २७ मार्च १९१२ रोजी त्यातली पहिली दोन लावली गेली. वॉशिंग्टनला चेरी ब्लॉसम बघायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, तेव्हा त्या फुलांमागे ही शेकोटीही आहे हे आता मी आवर्जून सांगतो.

त्याच वर्षी, २० ऑगस्ट १९१२ रोजी, अमेरिकेचा प्लँट क्वारंटाइन कायदा झाला. मग १ जून १९१९ पासून 'क्वारंटाइन नंबर ३७' हा नियम लागू झाला. त्याने परदेशी रोपांची, विशेषतः मातीसकट येणाऱ्या रोपांची, खुली आयात बंद केली. ट्यूलिपसारखे काही कंद तेवढे यातून वगळले. ऑक्टोबरमध्ये आपण जमिनीत पुरतो ते हॉलंडचे कंद इतकी वर्षं येत राहिले ते त्यामुळे. वॉर्ड यांच्या पेटीची सद्दी इथून उतरणीला लागली.

कायदा आला, पण काही पाहुणे आधीच आत शिरले होते. १९१६ मध्ये आमच्याच न्यू जर्सीत, रिव्हरटन गावच्या एका नर्सरीत, हिरव्या-तांबूस चकाकत्या पाठीचा एक भुंगेरा सापडला. जॅपनीज बीटल. तपासणी सुरू होण्याआधी आयरिसच्या कंदांबरोबर तो आला असावा असं मानतात. रिव्हरटन आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. दर जुलैत माझ्या गुलाबांच्या पानांची जाळी करणारे भुंगेरे त्या पाहुण्यांचेच वंशज. आत्ता, तुम्ही हा लेख वाचत असताना, त्यांच्या अळ्या लॉनखाली थंडीसाठी खोल खोल उतरत असतील.

आणि ही गोष्ट १९१६ वर थांबलेली नाही. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत स्पॉटेड लँटर्नफ्लाय सापडली, २०१८ मध्ये ती न्यू जर्सीत आली. ती दगडांच्या मालावर चिकटलेल्या अंड्यांतून आली असावी असा अंदाज आहे. म्हणजे या वेळी तिला रोपाचीही गरज पडली नाही. फॉलमध्ये झाडांच्या खोडावर वाळलेल्या चिखलासारखे पट्टे दिसले तर ती तिचीच अंडी. जुन्या क्रेडिट कार्डाने खरवडून साबणाच्या पाण्यात टाका. आमची मुलगी हे काम फार आनंदाने करते.

आता आईच्या कढीपत्त्याकडे येतो. कढीपत्ता आणि संत्रं हे एकाच कुळातले. सिट्रस सिलिड नावाची एक बारीक कीड दोघांवरही सुखाने राहते, वाढते, अंडी घालते. कढीपत्त्याला तिचा म्हणावा तसा त्रासही होत नाही. पण हीच कीड संत्र्याच्या झाडाला 'सिट्रस ग्रीनिंग' नावाचा रोग देते आणि त्यावर अजून रामबाण औषध नाही. फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये सापडली, रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्यांच्या २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये १ कोटी ६० लाखही निघाल्या नाहीत. त्या वर्षी चक्रीवादळाचाही तडाखा होता, पण त्याआधीची घसरण मुख्यतः या रोगाची. पिढ्यान्‌पिढ्या संत्र्यावर जगलेल्या कुटुंबांनी बागा विकल्या. विदर्भातल्या वाचकांना संत्र्याची बाग जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

म्हणून भारतातून ताजा कढीपत्ता सामानात आणायला मनाई आहे. रोपाला तर आहेच, पण नुसत्या पानांनाही.

आता एक कबुली देतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मी स्वतः तेच केलं होतं, जे आई करणार होती. त्याच झाडाचं एक पिलू, मुळांना लागलेल्या नाशिकच्या काळ्या मातीसकट, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बुटात खुपसून आणलं. कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा केवढा पराक्रम वाटला होता! पार्टीत दोनदा-तीनदा सांगितलाही. ते पिलू जानेवारीत वाळून गेलं आणि मी कुंडीतली माती मागच्या मेपलच्या बुंध्याशी ओतून दिली. त्या मातीत काय होतं? बहुधा काहीच नसेल. आमच्याकडच्या थंडीत ती कीड जगत नाही आणि इथे संत्र्याच्या बागाही नाहीत. पण त्याच विमानातून उतरून पुढे ओरलँडोला जाणारी माणसंही होती. त्यांच्यातल्या कुणी माझ्यासारखाच विचार केला असता तर? फ्लोरिडात कीड नेमकी कुणाच्या हातून आली याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. तसं नाव कधीच लिहिलेलं नसतं. "एका काडीने काय होतंय" असं म्हणणाऱ्या कुणाला तरी आपण काय केलं ते कळलंही नसेल.

म्हणजे आपल्याकडचं काही इकडे येऊच नये का? तसंही नाही. १८८९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतातून मलगोबा आंब्याची कलमं मागवली. फ्लोरिडात त्यातलं एक झाड टिकलं. त्याच्या कोयीपासून हेडन आंबा झाला आणि हेडनचं बाळ टॉमी ॲटकिन्स, म्हणजे सुपरमार्केटमधला तो लालबुंद, रेषाळ आंबा, ज्याला आपण सगळे नावं ठेवतो! तो नात्याने आपलाच. पुढे किडींच्या भीतीने भारतीय आंबा इथे बंद झाला. तो परत आला २००७ मध्ये, आणि आला तो आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून, विकिरण करून. विकिरणामुळे आत एखादी कीड असलीच तरी तिची पुढची पिढी होत नाही. बुटात लपवून आणायचा एक मार्ग आणि लासलगावचा दुसरा. दुसऱ्याला वेळ लागला, पण हापूसची पेटी आता पावतीसकट घरी येते.

हे सगळं मी आईला फोनवर तीन रविवारी थोडं थोडं सांगितलं. चेरीची झाडं जाळली तिथे ती "अरेरे" म्हणाली. संत्र्याच्या बागांचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, नाही आणत. पण तुझ्या झाडाला दम नाही हे खरंच आहे."

तेही खरंच होतं. यावर उपाय मंडळातच निघाला. गणेशोत्सवात एका काकूंनी त्यांच्या इथेच वाढलेल्या, पंधरा वर्षांच्या झाडाचं पिलू दिलं. तुम्हालाही हवं असेल तर आधी आपल्या ओळखीत, आपल्या भागात विचारा. फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियातून मागवायचं तर नियम बघून, परवाना असलेल्या नर्सरीतूनच मागवा.

कुंड्या आत घेताना आम्ही काय करतो तेही सांगून ठेवतो. आणण्याआधी पानांची खालची बाजू बघायची, पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची आणि दोन आठवडे घरातल्या इतर झाडांपासून लांब ठेवायचं. घरच्या घरी हेही एक क्वारंटाइनच! हीटिंगच्या झरोक्यावर कुंडी ठेवायची नाही. पाणी निम्म्यावर आणायचं. जानेवारीत कढीपत्त्याने पानं टाकली तर घाबरून पाणी ओतू नका, तो बहुधा झोपलेला असतो. तुळशीच्या मंजिऱ्यांचं बी सप्टेंबरमध्येच पाकिटात भरून ठेवा. आणि कोवळं पिलू असेल तर त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा उपडा घाला, उजेडात पण थेट उन्हात नको. डॉ. वॉर्ड यांची पेटी ती हीच.

आई परवा पोचली. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, काही झाडं, बिया, फळं आहेत का? "मी मान वर करून 'नो' म्हणाले," असं तिने गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. बॅगेतून भाजणी निघाली, चकलीचा सोऱ्या निघाला, मेतकूट निघालं. ओलं फडकं निघालं नाही.

संध्याकाळी ती खिडकीशी गेली. काकूंच्या पिलावर घातलेला डबा उचलला, आत साचलेले थेंब बोटाने पुसले, एक पान चुरगाळून वास घेतला.

"वास चांगला आहे," म्हणाली. "कुंडी लहान पडत्येय. मार्चमध्ये बदल."

आणि डबा पुन्हा नीट झाकून ठेवला.